परिच्छेद अकरा

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. लोकांच्या पत्रांना उत्तरं देणं हीच माझी तीस वर्षांची नोकरी, आणि नेमकं तेच एक राहिलं. 'राहिलं' असं लिहिलं खरं, पण तेही खोटंच. मी ते ठेवून दिलं. ऑफिसच्या दप्तरातून घरी आणलं आणि जाडजूड शब्दकोशाच्या पोटात सारलं, कारण आमच्या घरात त्या पुस्तकाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. पत्रासोबत जोडकार्ड होतं. म्हणजे उत्तरासाठीचं कोरं कार्ड. पाठवणाऱ्याने त्यावर स्वतःचा पत्ता आधीच लिहून ठेवलेला. समोरच्याने फक्त मजकूर लिहायचा आणि पेटीत टाकायचं. इतकं सोपं करून दिलं होतं त्या माणसाने.

अठ्ठावीस वर्षं झाली. आता ते पुन्हा उघडायचं कारण म्हणजे मिस्त्रींच्या दुकानातली मंगळवारची सकाळ.

मिस्त्री पंखे, मिक्सर, जुने रेडिओ दुरुस्त करतात. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. तिथल्या बाकाचं एक टोक निवृत्त कंडक्टरचं, दुसरं माझं. कंडक्टर बोलतो, मी ऐकतो. माझ्या हातात कायम पुस्तक असतं म्हणून त्याने मला 'साहित्यिक' नाव ठेवलं आहे. मी आयुष्यात एकच गोष्ट लिहिली आणि ती हजारो घरांत वाचली गेली, हे त्याला ठाऊक नाही.

त्या सकाळी मिस्त्री एका नव्या मिक्सरच्या पार्टसाठी कंपनीला फोन लावून बसले होते. कंटाळून त्यांनी फोन बाकावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे," फोन म्हणाला.

"हे सतराव्यांदा," मिस्त्री म्हणाले. "एवढी महत्त्वाची आहे तर उचल ना बये!"

"अहो, ती बाई नाहीच, मशीन आहे," कंडक्टर म्हणाला. "सरकारचंही तेच. परवा गल्लीतल्या गटाराची तक्रार केली. संध्याकाळी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.' मी दारात उभा. पायाखाली गटार आणि हातात निवारण!"

"मत कुणाला दिलं होतंत ते सांगा आधी."

"ज्याला दिलं तो आता पलीकडे जाऊन बसलाय. माल तोच, डबा नवा. आपण डब्यावरचं चित्र बघून बटण दाबायचं." कंडक्टरने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "पूर्वी असं नव्हतं. वस्तू घेतली की जन्मभर चालायची. तक्रार असली तर कंपनीला पत्र टाकायचं, की आठ दिवसांत उत्तर. टाइप केलेलं, सहीचं. पलीकडे माणूस होता हो! काय, साहित्यिक?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मलाच कळलं नाही.

तेवढ्यात एक बाई आल्या आणि त्यांनी पिशवीतून इस्त्री काढून फळीवर ठेवली. "सासूबाईंची आहे. मुलगी नोकरीला परगावी चाललीय. म्हटलं, नवी कचकड्याची घेण्यापेक्षा हीच देऊ. पिन ढिली झालीय, तेवढी बघा."

मिस्त्रींनी ती हातात तोलली. "वजन बघा! आताच्या दहा इस्त्र्या हिच्यावरून ओवाळून टाकाव्यात."

निळी मूठ. मुठीच्या टोकाला पांढरा ठिपका. मी पुस्तक मिटलं.

ती आमच्या कंपनीची इस्त्री होती. मी तिथे तक्रारींच्या विभागात कारकून होतो. आलेल्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात साहेब तांबड्या पेन्सिलीने आकडे लिहीत. प्रत्येक आकड्याचा एक परिच्छेद ठरलेला. एक म्हणजे 'आपले पत्र मिळाले, आभारी आहोत.' चार म्हणजे 'आपली तक्रार आमच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे.' नऊ म्हणजे गॅरंटीची मुदत संपली. एक-चार-नऊ असं लिहिलेलं दिसलं की मी तेवढे परिच्छेद टाइप करायचे आणि खाली 'व्यवस्थापकांकरिता' म्हणून एक गिरगोटा ओढायचा. नाव घालायचं नाही, असा नियमच होता. कंडक्टरचा पलीकडचा माणूस तो मी.

निळ्या मुठीची इस्त्री निघाली आणि सहा महिन्यांत पत्रं सुरू झाली. हाताला मुंग्या येतात, झटका बसतो. कारखान्यातल्या इंजिनिअरने चिठ्ठी पाठवली की आतल्या वायरवरचं आवरण हलक्या मालाचं आहे, उष्णतेने तडकतं, इस्त्र्या परत मागवाव्यात. साहेबांनी ती वाचली, मलाही वाचायला दिली, आणि खणात टाकली. "तुम्ही वाचणारे," ते म्हणाले. "लोक घाबरणार नाहीत असं काहीतरी लिहा."

मी चार खर्डे केले. 'इस्त्री करताना पायात कोरडी रबरी चप्पल असावी, म्हणजे आपला हा स्नेही आपली सेवा निर्धोकपणे करीत राहील.' हा परिच्छेद अकरा. 'स्नेही' या शब्दावर साहेब बेहद्द खूश झाले. खोटं कशाला सांगू, मीही झालो. त्याआधी माझ्या लिहिण्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

एका गृहस्थाला एक-चार-अकरा असं उत्तर गेलं. तीन आठवड्यांनी त्याचं दुसरं पत्र आलं. ते मला पाठ आहे.

'आपण कळवल्याप्रमाणे मी त्याच दिवशी रबरी चप्पल आणली. शुक्रवारी पत्नीच्या पायात ती होती. कपड्यांवर पाणी शिंपडायला तिने एका हाताने नळ सोडला, दुसरा हात इस्त्रीवर होता. ती गेली. मला भांडायचं नाही, काही मागायचं नाही. घरचे म्हणतात, तिनेच निष्काळजीपणा केला. इस्त्रीत दोष आहे हे उत्तर लिहिणाऱ्याला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच कळवावं. कार्ड जोडलं आहे.'

साहेबांनी पेन्सिल हातात घेतली, बराच वेळ धरली आणि खाली ठेवली. "याला परिच्छेद नाही," ते म्हणाले, आणि कागद दप्तरी लावायला माझ्याकडे सरकवला. वर्षभराने निळी इस्त्री बंद झाली. जाहिरातीत कारण दिलं होतं, आता आकर्षक नव्या रंगांत.

"पिन बदलतो, दहा मिनिटं बसा," मिस्त्री बाईंना म्हणाले.

"ही देऊ नका," मी म्हणालो. इतक्या हळू, की मला पुन्हा म्हणावं लागलं. "मुलीला ही देऊ नका. शॉक बसतो. मुठीखालची वायर उघडी पडते."

"आमच्या सासूबाईंना तीस वर्षांत काही झालं नाही," बाई जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या.

"साहित्यिक बोलले!" कंडक्टरने टाळी दिली, ती मी घेतली नाही. "आता इस्त्रीवर कविता ऐका!"

मिस्त्री हसत हसतच स्क्रू काढायला लागले. मूठ उचलली आणि ते हसायचे थांबले. त्यांच्या बोटाचा धक्का लागताच आवरण वाळक्या सालीसारखं गळून पडलं. उघडी तार पत्र्यापासून नखभर अंतरावर होती.

"अहो, ही न उघडता तुम्हाला कसं माहीत?" मिस्त्रींनी विचारलं.

तिघंही माझ्याकडे बघत होते. तोच प्रश्न होता. या वेळी साहेब नव्हते, नोकरी नव्हती, गमावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"वाचलं होतं कुठेतरी," मी म्हणालो.

"बघा!" कंडक्टर म्हणाला. "याला म्हणतात वाचन. आपण नुसत्या गप्पा छाटतो."

बाईंचे डोळे भरून आले होते. "काका, माझी पोर वाचवलीत हो," असं म्हणून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. आणि मी तो घेतला. 'सुखी राहा' असंसुद्धा म्हणालो.

घरी आलो तेव्हा बायको पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती. मी कपाटातून कोश काढला, पत्र काढलं, कार्ड काढलं. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"आज काढलंत?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली.

"कोड्यासाठी कोश घेतला होता एकदा, त्यातून पडलं," ती म्हणाली. "वीस-बावीस वर्षं झाली. होतं तसं ठेवून दिलं."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली. मग राग आला. मग रागाचीही सवय झाली." तिने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हाला कंपनीतून मिळालेली ती निळी इस्त्री. एक दिवस माळ्यावर टाकलीत. म्हणालात, बिघडली. मी दुपारी काढून लावून बघितली, चांगली तापत होती. मला वाटलं, काय हा विक्षिप्त माणूस. नंतर या पत्रावरची तारीख बघितली. इस्त्री त्याच्या दोन महिने आधीच माळ्यावर गेली होती."

मी खुर्चीत बसलो.

"त्या बाईच्या जागी मी असते," ती म्हणाली. "नव्हते, कारण तुम्हाला माहीत होतं. हे मी इतकी वर्षं घेऊन बसलेय. तुमच्यावर चिडायचं की तुमचे उपकार मानायचे, सांगा मला."

मी कार्डावरचा पत्ता वाचला. म्हणालो, "तो माणूस आता असेल का?"

"नसेल तर परत येईल कार्ड. पण त्यासाठी आपला पत्ता घालावा लागतो." ती पुन्हा कोड्याकडे वळली. "घालाल?"

दोन दिवस मी खर्डे करत होतो. नोकरीची गरज, वरिष्ठांचा दबाव, मनाला लागलेली टोचणी. लिहिलेलं वाचलं की प्रत्येक वाक्य बारा, तेरा, चौदा असा आकडा लावण्याजोगं वाटायचं. एका खर्ड्यात 'दुर्दैवी' हा शब्द फार चांगल्या जागी बसला होता. तो बसला म्हणून मला बरं वाटलं, आणि तेव्हा मी सगळे कागद फाडले.

कार्डावर लिहिलं, 'हो. त्यांची चूक नव्हती.' खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. त्याखाली घरचा पत्ता. अक्षर वाईट आलं. पण गिरगोटा नव्हता.

पोस्टात खिडकीवरच्या मुलीने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "काका, हे कुठल्या जमान्यातलं? यावर छापलेलं तिकीट आता चालायचं नाही. नवी तिकिटं लावा वरून."

मी लावली. कार्ड परत घेताना तिने मजकुराचा पहिला शब्द वाचला. कार्ड उघडंच असतं, कुणीही वाचतो.

"हो?" ती हसली. "कुणी लग्नाची मागणी घातली होती की काय?"

"बरेच दिवस झाले विचारून," मी म्हणालो.

"मग फार वाट बघायला लावलीत की हो!"

माझ्या मागे रांग होती. तिने शिक्का मारला आणि कार्ड मागच्या टोपलीत टाकलं. टोपली कंपन्यांच्या, पत्ता दिसायला पारदर्शक खिडकी असलेल्या पाकिटांनी भरली होती. सगळ्यांवर छापील नावं, छापील पत्ते. कार्ड त्यांच्यावर पडलं ते मजकुराची बाजू वर करून. ते पालथं करायला मी वळून सांगणार होतो. पण सांगितलं नाही.