भाऊंची मस्तकविद्या

आमचे वडील, भाऊ, रत्नागिरीच्या कोर्टात कारकून होते आणि दर रविवारी डोकी वाचत. पुस्तकं वाचणारे बाप आमच्या झाडगावात पुष्कळ होते. पोरांची डोकी वाचणारा आमचाच एक.

मी आठेक वर्षांची असताना, म्हणजे पंचवीस सालच्या सुमारास, त्यांनी गिरगावातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून एक नकाशा आणला. नकाशा टकल्या माणसाच्या डोक्याचा. शेतात कुणगे पाडावेत तसे त्या टकलावर तुकडे पाडलेले, आणि प्रत्येक तुकड्यात एकेक गुण राहायला: इथे दया, तिथे स्मरणशक्ती, कानामागे भांडखोरपणा. उंचवटा असेल तिथला गुण जास्त, खळगा असेल तिथला कमी. एका जर्मन डॉक्टराने ही विद्या काढली. साहेबाने तिच्यावर दुकानं थाटली, दुसऱ्यांच्या कवट्या मोजून आपणच श्रेष्ठ असल्याचं सिद्ध करून घेतलं, आणि मग तिकडच्याच शास्त्रज्ञांनी ती खोटी ठरवून अडगळीत टाकली. हे शेवटचं भाऊंना कुणी सांगितलं नव्हतं. विलायतेत विटलेली वस्तू आमच्याकडे नवलाईची म्हणून येते, तशी ही आली.

रविवारी आम्हा बहिणींचं न्हाणं असे. ओल्या केसांत डोक्याचा आकार लपत नाही, म्हणून भाऊ लगेच ओटीवर पाट मांडत.

"उमे, बस गो."

त्यांची दहाही बोटं माझ्या केसांतून सावकाश फिरत आणि मागे, टाळूच्या खाली, थांबत. "ही दृढता. ही मनात आणील ते करील." धाकट्या हेमाला त्यांनी गायनाचा उंचवटा दिला होता, ती गायला लागली की गोठ्यातली गाय पान्हा चोरायची. शेजारचा दादू 'अत्यंत विश्वासू' ठरला आणि आठवड्याच्या आत आमची तांब्याची कळशी घेऊन पसार झाला. भाऊ म्हणाले, त्याचे केस नीट ओले नव्हते.

मी हसायची, पण रविवारची वाट बघायची. त्या काळी बापाने पोरींना जवळ घेतलं तर चारचौघांत हसं व्हायचं. भाऊ आम्हाला पाढे शिकवत, रागावत, ताप आला तर काढा देत. पण डोक्यावरून हात फिरायचा तो फक्त शास्त्राच्या नावाखाली. मला शास्त्र नको होतं, तो हात हवा होता. आज म्हातारपणीसुद्धा केस ओले असले की तो आठवतो.

आम्हा दोघींचा जन्म आजोळचा, आंजर्ल्याचा. बायको बाळंतपणाला माहेरी जायची आणि बापाच्या हाती मूल यायचं ते तीन-चार महिन्यांचं, तयार होऊनच. तीस साली मात्र आईचे दिवस आषाढात भरले. पावसाळ्यात बोटी बंद, खाड्या फुगलेल्या. चिंतू रत्नागिरीतच झाला आणि भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा घरात नुकतं जन्मलेलं मूल पाहिलं.

एका सकाळी आई पाय पसरून बसली होती. पायांवर चिंतू, आणि तेल लावलेल्या तळव्यांनी ती त्याचं डोकं दोन्हीकडून दाबत होती. भाऊ दारात थबकले.

"हे काय चाललंय?"

"डोकं गोल करत्ये. मऊ आहे तोवरच वळतं."

"डोकं वळतं?"

"नाही तर काय! हेमीचं नारळासारखं लांबुडकं होतं. उमीचं मागनं चपटं. मोहरीच्या उशीवर निजवलं, रोज तेल लावून वळवलं, तेव्हा भरलं."

"कुठे भरलं?"

मी शेजारीच बसले होते. आईने तेलकट बोट माझ्या दृढतेवर टेकवलं.

भाऊंनी एवढंच विचारलं, "असं झाडगावात कुठल्या घरी करतात?"

"कुठल्या घरी करत नाहीत ते विचारा," आई म्हणाली.

त्यांनी इतकी वर्षं ब्रह्मदेवाची अक्षरं म्हणून जी वाचली, ती गावातल्या बायकांच्या तळव्यांची निघाली. संध्याकाळपर्यंत नकाशा भिंतीवरून उतरला. चुकलं ते चुकलं, असा त्यांचा खाक्या. मला अभिमान वाटायला हवा होता; मला राग आला. रविवारी मी ओल्या केसांनी पाटावर जाऊन बसले.

"त्यात काही तथ्य नाही, उमे," ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले. "जा, केस पूस. सर्दी होईल."

साहेबाची विद्या बुडाली याचं मला सोयरसुतक नव्हतं. पण जाताना ती माझा रविवार घेऊन गेली. त्यानंतर कित्येक वर्षं भाऊंचा हात माझ्या डोक्यावर आला नाही.

पस्तीस साली आई तापाने गेली. भाऊ तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. नुसते ओटीवर बसून राहत. पुढच्या वैशाखात मला मुंबईला शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. लोकांनी नावं ठेवली. मी मनात आणलं होतं, ते केलं.

निघाले त्या दिवशी रत्नागिरीच्या मांडवी धक्क्यावर मला बोटीपर्यंत नेणारा पडाव लागला होता. मी वाकून नमस्कार केला. आता ते "सांभाळून राहा" म्हणतील आणि बाजूला होतील, असं मला वाटलं. पण डोक्यावर हात आला. सगळ्या माणसांच्या देखत तो सावकाश मागे सरकला आणि जुन्या जागी थांबला.

"त्यात काही तथ्य नाही ना, भाऊ?" मी विचारलं.

"नाही. काही नाही."

"मग काय लागतंय हाताला?"

"तुझी आई," भाऊ म्हणाले.

पडाववाला हाका मारत होता. हेमाने माझी ट्रंक त्याच्याकडे दिली. भाऊंनी हात काढला नव्हता, आणि मीही वाकलेलीच राहिले.