वरचं म्हणजे कुठलं?

मित्रांनो, तळहातावर मावणारा मी एक जुना उंचीमापक आहे. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे आणि तिच्यातली हवा काढून घेतलेली आहे. माणूस डोंगर चढू लागला की बाहेरची हवा विरळ होते, डबीवरचा दाब कमी होतो, ती किंचित फुगते आणि माझा काटा पुढे सरकतो. एवढंच माझं काम. मला बॅटरी लागत नाही. काटा अडकलाच, तर काचेवर एक टिचकी पुरते.

खिडकीपाशी बसणाऱ्या एका कारागीर बाईंनी मला जोडलं. शेवटचा स्क्रू पिळताना त्या श्वास रोखून धरत. पुढे मी दुकानात गेलो आणि तिथून आत्याकडे. तिची भाची तिला आत्या म्हणते, म्हणून मीही. आत्या शिंपीकाम करते. परिचारिकांचे आणि बसचालकांचे गणवेश शिवते. तिने मला जाड कापडाचं कव्हर शिवलं आणि मला गळ्यात अडकवून ती डोंगरात भटकू लागली. त्या काळी डोंगरात जो तो माझ्याकडे बघून विचारायचा, किती झालं? मला फार मान होता.

मग ती मोहीम आली. एका उंच खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं होतं. सोबतच्यांनी एक दिवस वाचवायचा म्हणून मधला मुक्काम गाळला आणि एका दमात फार उंचावर जाऊन सगळे झोपले. इतरांना ते निभावलं. आत्याचं डोकं मात्र फुटायला आलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, सकाळी तिला बुटाची नाडी बांधता येईना. खिंड समोर दिसत असताना तिला खाली उतरवावं लागलं.

नंतर लोकांच्या खिशात फोन आले आणि मी बटणांच्या खणात गेलो. शेजारच्या काकू अधूनमधून चिडवायच्या, "काय गं, खिंड आहे ना अजून जागेवर?" आत्या दाताने दोरा तोडायची आणि म्हणायची, "आहे. माझी वाट बघतेय."

यंदा तिचे गुडघे कुरकुरू लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जायचं तर याच वर्षी. पुढच्या वर्षीची खात्री नाही. औषधांच्या दुकानात काम करणारी तिची भाची सोबत यायला तयार झाली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला आणि मलाही खणातून बाहेर काढलं.

मुक्काम ठरवताना दोघींचं रोज वाजायचं. भाची फोटो बघायची: गाद्या कशा आहेत, गरम पाणी आहे का. आत्या फक्त उंची विचारायची. उंच प्रदेशात पोचल्यावर रोज रात्री आदल्या रात्रीपेक्षा फार तर चारशे मीटर वर झोपायचं, असा तिचा नियम होता. भाचीने तो मान्य केला, पण एक तरी खिडकी शिखराकडे उघडणारी हवी, ही अट घालून. खिंडीखालच्या गावातल्या लॉजला तिने फोन लावला आणि म्हणाली, आम्हाला वरचं द्या, शिखर दिसेल असं. मालकीणबाई खुशीत म्हणाल्या, वरचं ना, मिळेल की.

भाचीच्या डोक्यात वरचा मजला होता.

आम्ही त्या गावात पोचलो तेव्हा माझा काटा तेहतीसशे मीटरवर होता. आदली रात्र एकोणतीसशेवर काढली होती. हिशेब चोख होता. मालकीणबाईंनी मात्र समोरच्या डोंगराच्या सोंडेकडे बोट दाखवलं. तिथे एक निळं छप्पर दिसत होतं.

"तुमचं ते. वरचं घर. माझे दीर चालवतात. इथल्या खोल्या भरल्या."

"मी वरच्या मजल्याचं म्हणत होते," भाची म्हणाली.

"मजल्याला आम्ही माडी म्हणतो, बाळा."

निळं छप्पर एकोणचाळीसशेवर होतं. भाची दमली होती. एवीतेवी अंधाराआधी पोचू, तिथे गाद्या तरी मिळतील, असं तिचं म्हणणं. आत्याने मला तळहातावर घेतलं आणि टिचकी मारली.

"खिडकी मलाही बघायचीय," ती म्हणाली. "उद्या चढू, चहा पिऊ आणि झोपायला खाली येऊ."

"आणि आज कुठे झोपायचं? यांच्या चुलीत?"

"चुलीशेजारी जागा आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "बटाट्याची पोती तेवढी सरकवा."

भाची गाल फुगवून झोपली. सकाळी मात्र तिने आधी आत्याचं डोकं दुखतंय का विचारलं. आत्या म्हणाली, डोकं ठीक आहे, पाठीला पोत्याचा आकार आलाय.

दुपारी आम्ही वरच्या घरी पोचलो. शिखर खिडकीभर उभं होतं. भाचीने त्याच्याकडे जेमतेम बघितलं आणि कपाळ दाबत बसून राहिली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आत्या, खाली जाऊ या." आत्याने टोमणा मारला नाही. चहा संपव, एवढंच म्हणाली. निम्म्या उतारावर भाचीचं डोकं हलकं झालं आणि तिला चक्क भूक लागली. त्या दिवसापासून मी भाचीच्या गळ्यात होतो. पुढचे मुक्काम तिनेच माझ्याकडे बघून ठरवले, मधल्या उंचीवर एक रात्र काढली, एक दिवस विश्रांतीचाही घेतला. वरच्या घरात दोघी शांत झोपल्या, पण त्यानंतरच.

मित्रांनो, एक विनंती आहे. हवामान बदललं की माझ्यासारखे उंचीमापक जागच्या जागी चुकतात. म्हणून मुक्कामाची खरी उंची माहीत असेल, तर रोज सकाळी काटा त्या आकड्यावर आणा. सोबतच्या माणसालाही रोज सकाळी कसं वाटतंय ते विचारा आणि तो जे सांगेल ते खरं माना. कुणाचं डोकं जड झालं, तर त्याच्यासाठी एक दिवस थांबा. डोंगर कुठे पळून जात नाही.

खिंडीच्या माथ्यावर वारा फार होता. आत्या गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होती. भाचीने आकडा मोठ्याने वाचला. आत्याने मान हलवली आणि चालायला लागली. थोड्या वेळाने माझा काटा मागे सरकू लागला. उतार लागला होता, पलीकडच्या खोऱ्याचा.