दोनदा दिलेली कमांड

स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागला, त्यातून सावरून दोघी बहिणींतली थोरली पुन्हा वाचनालयात रुजू झाली. तिथले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळायची. बोटं पूर्वीसारखीच चालत. पण मघाशी काय केलं, ते डोक्यातून साफ पुसलं जाई. एकदा तिने भर दुपारी सर्व्हर, म्हणजे बाकी सगळे ज्याला जोडलेले तो मुख्य कॉम्प्युटर, दोनदा बंद करून चालू केला आणि वाचक ताटकळले. ग्रंथपालबाई भल्या. त्या रागावल्या नाहीत, पण कॉम्प्युटर सोडून काउंटरवर बसशील का, असं त्यांनी हळूच विचारलं. 

धाकटी बहीणही कॉम्प्युटरच्याच धंद्यातली. सुट्टी काढून ती ताईशेजारी येऊन बसली. दिलेल्या कमांडची, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून दिलेल्या हुकमाची, नोंद तर आपोआप राहते, मग ताईला ती का सापडत नाही? बघते तर काय, नोंदीला ना तारीख ना वेळ. लागोपाठ दिलेली तीच कमांड गाळली जात होती. आणि कमांड टाइप करायच्या खिडक्या, म्हणजे टर्मिनल, दोन उघडी असली, की मागाहून बंद होणारं टर्मिनल आधीच्याची नोंद खाऊन टाकत होतं. गाळण्याची सोय थोरलीनेच कधीकाळी टापटिपीच्या हौसेने केली होती.

धाकटीने सेटिंग बदललं. आता प्रत्येक कमांड संपल्याबरोबर लिहिली जाणार होती, वेळेसकट, कितीदाही दिली तरी.

"म्हणजे मी तेच तेच करते, याचा पुरावाच की," थोरली म्हणाली.

"पुरावा कसला गं ताई? काम तुला येतंच. कुठवर आलीस तेवढं कळलं की झालं."

थोरलीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग तिने स्वतःहून भर घातली. सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) देऊन लिहिलेली ओळ कॉम्प्युटर पाळत नाही, पण नोंदीत ठेवतो. तशा ओळींत ती प्रत्येक कामामागचं कारण लिहू लागली.

पुढे एकदा ऐन गर्दीत पुस्तकं शोधण्याची कॉम्प्युटरवरची यादी बंद पडली. थोरलीचा हात सवयीने सर्व्हर बंद करायला गेला. पण थांबून तिने नोंद पाहिली. ते नुकतंच करून झालं होतं, आणि खाली तिचीच ओळ होती: 'याने सुटलं नाही, डिस्क बघ.' डिस्क काठोकाठ भरलेली निघाली. जागा मोकळी करताच यादी सुरू झाली.

मागे उभ्या असलेल्या ग्रंथपालबाईंनी काउंटरचं नाव काढलं नाही. बालविभागात नवे कॉम्प्युटर कधी बसवतेस, एवढंच त्यांनी विचारलं.

आपल्या विसरण्याबद्दल थोरली आजवर धाकटीखेरीज कुणाशी बोलली नव्हती. "उद्यापासून लागते," ती म्हणाली, "आणि विसरले, तर बेलाशक सांगा."