पडद्याआडचं बोलणं

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आत्याचं दुकान गेल्या वर्षी बरेच महिने बंद होतं. "पोटाचं ऑपरेशन," एवढंच तिनं गिऱ्हाइकांना सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं.

यंदा शाळेत मुलींना तो कॅन्सर टाळणारी लस मोफत मिळणार होती. पण पालकसभेत कुणीतरी म्हणालं, ही लस घेतली की पुढं मूल होत नाही. झालं! एकीचं ऐकून दुसरी बिथरली. आत्याच्या वहिनीनंही दुकानात येऊन लेकीसाठी साफ नकार दिला.

"उद्या पोरीला मूल झालं नाही, तर निस्तरायला कोण येणार, ताई?"

आत्यानं मशीन थांबवलं. "वहिनी, माझं गर्भाशय काढून टाकलंय. मूल कशानं होत नाही, ते मला विचार."

वहिनी स्टुलावर टेकली. मग म्हणाली, "मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय."

"चल की!"

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: लस विषाणूला आधीच अडवते, मूल होण्याशी तिचा काही संबंध नाही. वहिनी तयार झाली. पण इतक्या आयांचे नकार पाहून मुख्याध्यापिका तर लसीकरणच रद्द करायला निघाल्या होत्या.

"आठवडाभर थांबा, बाई," आत्या म्हणाली. "सगळ्या आया माझ्याकडेच येतात."

मग मुलीच्या मापासाठी जी आई येई, तिला आत्या पडद्याआड नेई, पदर सारून पोटावरचा व्रण दाखवी आणि काही न लपवता सांगे.

"मी शिंपिणीकडे आलेय की डॉक्टरकडे?" एकजण हसली.

"शिलाईचे पैसे घेते. हे फुकट ऐक."

दुसरी मात्र भडकली. "पोरी पडद्याबाहेर उभ्या, आणि असले विषय!" म्हणत कापड उचलून चालती झाली. आत्याला लागलं ते. तरी पुढचीसाठी तिनं पडदा ओढलाच.

लसीच्या दिवशी वर्गाबाहेर निम्म्याहून जास्त मुली रांगेत होत्या. भाची दंड चोळत बाहेर आली आणि मैत्रिणींना म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस."

"उरलेल्यांच्या घरी मी जाते," आत्या मुख्याध्यापिकांना म्हणाली. मग वहिनीकडे वळली. "आणि तू उद्या दवाखान्यात चल. तुझी कॅन्सरची तपासणी करून घेऊ."

"मला काय झालंय?"

"मलाही काही झालेलं नव्हतं."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. "सकाळीच जाऊ," ती म्हणाली.