रंगवलेली दरी

फरशीवरची ती पिवळी पावलं... दोनच, शेजारी शेजारी, आणि डाव्या पावलाचा अंगठा येणाऱ्याजाणाऱ्यांनी घासून घासून पार पुसून टाकलेला. तोक्तोसुन त्या पुसलेल्या अंगठ्याकडे कधीचा टक लावून उभा होता, कारण समोर बघायची त्याची हिंमत होत नव्हती. समोर दरी होती.

"आजोबा, या ना!" त्याची नऊ वर्षांची नात, आयझिरेक, दरीच्या मधोमध हवेत उभी राहून बोलावत होती. दोरांच्या पुलाची तिसरी फळी तुटलेली, खाली – खूप खाली – हिरवट नदी फेसाळलेली, आणि पोरगी त्या तुटक्या फळीच्या भोकातच, बुटांवर चढवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट, खुशाल उड्या मारत होती.

चित्र आहे. चित्रच आहे, हे त्याला ठाऊक होतं. बिश्केकमधल्या या इमारतीत भिंती आणि फरश्या अशा रंगवून ठेवल्यात, त्यात उभं राहायचं, फोटो काढायचे, घरी जायचं. पोरीच्या शाळेला सुट्टी, तिची आई कामावर, म्हणून आज आजी-आजोबांच्या गळ्यात हे काम पडलेलं. मघाशी सायराकाननं – त्याच्या बायकोनं – शार्कच्या जबड्यात डोकं घालून फोटो काढून घेतला होता आणि बाहेर येत म्हणाली होती, "याचे दात तुमच्यापेक्षा बरे आहेत हो." तिथवर ठीक होतं. पण दरी म्हणजे... छत्तीस वर्षं तू-आशू नावाच्या घाटात ट्रक चालवलाय मी, बर्फात, धुक्यात, एकदा तर पुढचा दिवा फुटलेला असताना. दरी कशी असते ते माझ्या पायांना कळतं, ते डोक्याला विचारायला जात नाहीत.

टाक. एक पाऊल टाक. त्यानं टाकलं – म्हणजे पाय उचलला, पुढं नेला, आणि घरी पाकीट विसरलेला माणूस दारातूनच वळतो तसा पाय आपणहून मागं आला.

"वा, काका!" फोटोच्या जागा दाखवायला काठी घेऊन फिरणारी तिथली बाई ओरडली. "काय अभिनय करता हो! अस्सेच राहा. आजी, घ्या लवकर फोटो!"

रांगेतल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. तोक्तोसुनच्या पाठीवरून घाम ओघळत होता. अभिनय! त्याला तेच बरं वाटलं. त्यानं दोन्ही हात वर केले, "ओय, तोबा! मेलो, मेलो!" असा ओरडा केला, आणि त्यातला निम्मा ओरडा अगदी मनापासूनचा होता.

"एवढं खरं कुणालाच वाटत नाही," बाई कौतुकानं सायराकानला सांगत होती. "दोन डोळ्यांना लबाडी कळते ना. कॅमेऱ्याला एकच डोळा, म्हणून तो फसतो. एक डोळा मिटून बघा, मग बघा मजा."

आयझिरेक पळत पिवळ्या पावलांवर आली, तिनं एक डोळा घट्ट मिटला आणि किंचाळली. "अय्या! खरंच खड्डा आहे!"

एकच डोळा, म्हणून तो फसतो... हिवाळ्यापासून तोक्तोसुनचा डावा डोळा मटणाचा रस्सा उकळताना स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरते तसा झाला होता. कुणाला बोलला नव्हता. वसंतात गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासले, तेव्हा तो अक्षरांचा तक्ता – श, ब, म, न, क... शाळेपासून भिंतीवर तोच, सगळ्या देशाला तोंडपाठ – त्यानं डॉक्टरनं काठी उचलायच्या आत घडाघडा म्हणून टाकला होता. डॉक्टर म्हणाला, "सावकाश, काका, मी अजून कुठं काही दाखवलंय?" दुसरा डोळा म्हणजे काय, स्टेपनी, गाडी तर चाललीय ना? आणि परवा शनिवारी भाच्याच्या लग्नाला इस्सिक-कुल सरोवराकडे जायचं होतं, बोओमच्या खिंडीतून, मागच्या सीटवर हीच पोरगी... समोरून येणारा ट्रक किती लांब आहे, ते मला कळतं? की मीही नुसतं चित्रच बघतोय?

"आजोबा, तुम्हीपण मिटा ना एक डोळा!"

कुठला? डावा मिटला तर काही फरकच पडणार नाही, मग चेहऱ्यावर आश्चर्य कुठून आणू... या विचारात त्यानं घाईघाईनं उजवा मिटला. दरी गेली, पूल गेला, पोरगी गेली. नुसतं दूध, आणि त्यात एक उभी सावली.

"दिसतंय का?"

"दिसतंय की! बापरे, किती खोल! आणि तू किती छान उभी आहेस मधोमध!"

"आजोबा," आयझिरेकचा आवाज त्याच्या मागून आला, "मी इकडे आहे. तिकडे खांब आहे."

बायका हसल्या. काठीवाली बाई हसली. सायराकान हसली नाही. तिनं फोन पिशवीत टाकला, त्याच्या डाव्या बाजूला आली आणि त्याचं कोपर धरलं.

"चला. ही फळी... ही दुसरी. आता इथं काही नाही, नुसता रंग आहे. टाका पाय. टाका म्हणते ना."

त्यानं टाकला. खाली पडला नाही. बाजारात गर्दीतून वाट काढून द्यावी तशी ती त्याला दरीवरून नेत होती, आणि पाचव्या फळीवर त्याच्या लक्षात आलं, की ही डावीकडून चालतेय. रस्त्यातही डावीकडून चालते. चहाचा वाडगा उजव्या हाताशी ठेवते. आधी नव्हती ठेवत. हिवाळ्यापासून... आणि मी मूर्ख, मला वाटलं म्हातारपणी हिला माझं प्रेम आलंय, बाहेर पडलं की बिलगून चालते! त्या भरात मी हिला रेशमी रुमाल आणून दिला डोक्याला! तिनं तो मुकाट बांधलासुद्धा.

पलीकडच्या बाकावर तो धपकन बसला. आयझिरेक उलट्या घरात छतावर चालायला पळाली.

"तू कधीपासून या बाजूनं चालतेस?"

"कुठल्या बाजूनं?" सायराकान त्याच्या डावीकडे बसून फोनमधले फोटो बघत होती. "बघा तरी, काय तोंड झालंय तुमचं. इथं नोकरी मिळेल तुम्हाला."

"शनिवारी..." तो म्हणाला.

फोटोवरून सरकणारं तिचं बोट थांबलं. "शनिवारी काय?"

"शनिवारी खिंडीत वारा असेल."

"असेल," ती म्हणाली, आणि पुढचं विचारलं नाही.

त्याला राग आला. अख्खा हिवाळा मी किती कष्टानं हिला फसवलं, आणि हिनं तितक्याच कष्टानं फसवून घेतलं – मग फसलं कोण? पण राग नीट बसेना. त्याच्या खालून काहीतरी सैल होत होतं. घाटाचा शेवटचा उतार संपला की ब्रेकवर ताठलेला पाय एकदम आपला वाटू लागतो, तसं. सांगायचं ते अजून तोंडातच होतं. पण जड लागत नव्हतं.

त्यानं मान डावीकडे वळवली – चोरून, खोकल्याचं निमित्त करून वळवायचा तशी नाही – चांगली पूर्ण, खांद्यापर्यंत, सायराकान अख्खी नजरेत येईस्तोवर. तिनं ते पाहिलं. तिनं पाहिलं, हे त्यानंही पाहिलं, आणि मान तशीच ठेवली.