दोन्ही बाजूंनी मोकळा पलंग

आज आई येणार होती आणि भिंगरीचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. तसा तो कधीच ठरत नसे, म्हणून तर आईने तिचं हे नाव पाडलं होतं. पण आजची तगमग वेगळी होती. दुपारी दादा आईला घेऊन येणार होता. इथे मन रमलं तर आई भिंगरीकडेच राहणार, नाहीतर संध्याकाळी दादाच्याच गाडीतून परत. वडील गेल्यापासून आई दादा-वहिनीकडे होती. तिथे तिला कशाची ददात नव्हती, वहिनी तर जीव लावायची. पण आई दिवसेंदिवस गप्प होत चालली होती आणि भिंगरीला ते बघवत नव्हतं.

"आधी घर घरासारखं कर," दादा म्हणाला होता, "मग आईला खुशाल ने."

घर म्हणजे भाड्याची एक खोली आणि काडेपेटीएवढं स्वयंपाकघर. भाडं भरल्यावर हातात जे उरायचं, त्यात सजावट हा शब्द काढायलाही छाती लागत होती. त्यात बाईसाहेबांच्या हातात कला औषधालाही नाही. आई एका जुन्या चादरीतून उशांचे अभ्रे, पडदा, पिशवी असं काय काय काढायची. शाळेत हस्तकलेच्या तासाला भिंगरीने जे जे काही दाखवलं, ते सगळं आईच्या हातचं होतं.

तरी तिने प्रयत्न केला. मोबाइलवरची एक हसरी बाई "अगदी सोप्पं आहे हं" म्हणत चुटकीसरशी कागदाची फुलं करायची. भिंगरीची फुलं कचऱ्याच्या डब्यातून वर काढल्यासारखी दिसत होती. मग तिने रिकाम्या बाटल्या रंगवायला घेतल्या. बाटल्यांपेक्षा फरशीच जास्त रंगली. ती खरवडताना तिला रडूच कोसळलं.

शेवटी वैतागून तिने ते सगळं गुंडाळलं आणि हाताला जे येत होतं तेच करायला घेतलं. ती मोठ्या इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात नर्स होती. भंगारवाल्याकडे लोखंडी पलंग मिळाला. घासाघीस करून त्याच्याकडूनच त्याला पांढरा रंग मारून घेतला. घाऊक दुकानात पांढऱ्या चादरी सगळ्यांत स्वस्त होत्या. त्यांचे कोपरे तिने असे खोचले, की एक सुरकुती शोधून दाखवावी. पडद्यासाठी फिकट हिरव्या कापडाचा उरलेला तुकडा आणला. शिवता येत नव्हतं, म्हणून त्याची कड दुमडून ड्रेसिंगच्या चिकटपट्टीने चिकटवली. ती अगदी सरळ रेषेत बसली. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतला, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाता येईल. उशाशी लहानसं कपाट, त्यावर पाण्याचा जग, शेजारी एक स्टूल. मग फिनाइल टाकून फरशी पुसली.

दारात उभं राहून तिने पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या हातांचा अभिमान वाटला. तरी चैन पडेना. स्टूल इकडे सरकव, जग तिकडे ठेव, पुन्हा चादर ओढ, असं तिचं चालूच होतं.

दुपारी बेल वाजली. आधी दादा आत आला, हातात आईची पिशवी. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि तो बाजूला झाला. मागून आई आली. उंबऱ्याशीच थबकली, नाकाला पदर लावला.

"कसं वाटलं?" भिंगरीने विचारलं. "अगं, आत ये ना!"

"छान आहे," आई म्हणाली. "स्वच्छ आहे."

मग ती आत आली, पलंगाला वळसा घातला आणि कोणी न सांगता स्टुलावर जाऊन बसली. पलंगाकडे तोंड करून, पर्स मांडीवर धरून. तिचा एक हात हळूच चादरीवर गेला आणि तिथे कोणी निजलेलं असावं तशी ती चादर नीट करू लागली.

वडील आजारी पडले तेव्हा भिंगरी परगावी शिकत होती. वॉर्ड म्हणजे तिच्या लेखी कामाची जागा. माणसं यायची, बरी व्हायची, घरी जायची. आईला मात्र एकच वॉर्ड ठाऊक होता आणि तिथून तिचं माणूस घरी आलं नव्हतं.

"आई," दादा हळू आवाजात म्हणाला, "आपण संध्याकाळी परतच जाऊ, चालेल?"

आईने होकारार्थी मान हलवली.

भिंगरीला काय करावं सुचेना. पडदा ओढून काढावा, खिडक्या उघडाव्यात, पलंग भिंतीला लावावा, सगळं एकदम डोक्यात आलं आणि हात मात्र हलेनात. मग ती सरळ पलंगावर चढली, मांडी घालून बसली. चादरीची पार वाट लागली.

"इकडे ये. वर बस माझ्याजवळ."

"नको गं," आई पटकन म्हणाली. "सिस्टर ओरडतात."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. डोळे भरून आले.

"एकदाही नाही बसू दिलं मला त्यांच्याजवळ. किती दिवस त्या स्टुलावर काढले मी. शेवटी शेवटी ते जागा करून द्यायचे, हाताने खूण करायचे, इथे बस म्हणून. मी टेकले की लगेच हाक यायची, पलंगावर बसू नका, पलंगावर बसू नका."

भिंगरी फक्त सरकली. आईने पर्स खाली ठेवली, लोखंडी कठडा धरला आणि जपून, कोणी पाहतंय की काय अशी दाराकडे नजर टाकत ती वर येऊन बसली.

"दादा, पिशवी ठेव तिथे आणि जा तू," आई म्हणाली. "आज बघते झोप लागते का. आणि जायच्या आधी हा पलंग भिंतीला लावून दे."

दादाने पलंग ढकलला आणि तो गेला. आई खिडकी उघडायला उठली. भिंगरी मात्र जागची हलली नाही. उद्या सकाळी तिची ड्युटी होती. कोणाची तरी बायको नवऱ्याच्या पलंगाच्या कडेला टेकणार होती आणि ते वाक्य सवयीने तिच्या तोंडाशी येणार होतं. आजवर ते किती जणींना ऐकवलं असेल, ते तिला आठवेना.