गुरुवारची यादी

सुनेच्या पर्समध्ये हात घालताना मला लाज वाटली नाही, हे आधीच कबूल करते. ती अंघोळीला गेली होती आणि नळ बंद होईपर्यंत माझ्याकडे सात-आठ मिनिटं होती. कंगवा, चाव्या, गोळ्यांचं पाकीट, आणि खालच्या कप्प्यात घडी घातलेली दवाखान्याची चिठ्ठी: गुरुवार, सकाळी नऊ, दुसरा मजला. चिठ्ठी होती तशीच घडी घालून मी परत ठेवली.

संशय हा माझा स्वभाव नव्हे, पेशा होता. एकतीस वर्षं मी त्याच दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. पोट शिवण्याआधी, रक्त टिपायला आत घातलेल्या गॉजच्या घड्या मोजायच्या. एक जरी कमी भरली तरी डॉक्टर केवढाही तालेवार असो, मी टाके घालू द्यायची नाही. "पडली असेल हो कुठेतरी खाली," ते वैतागायचे. "मग दाखवा," मी म्हणायची. पाठीमागे मला मोजणीबाई म्हणत. म्हणोत बापडे.

गुरुवारी मात्र मी थिएटरमध्ये कधी उभी राहिले नाही. गुरुवारी दुसऱ्या मजल्यावर गर्भ काढायची यादी असायची. पहिल्याच वर्षी मी मेट्रनला सांगितलं, "देवानं ज्याला आईच्या पोटात ठेवलंय, त्याला काढायला माझे हात लागणार नाहीत." त्या बायकांना मी नावं ठेवली नाहीत. रडत आलेल्यांना खाली पाणी दिलं, जवळ बसले, पण वर गेले नाही. मेट्रनही खमकी. म्हणाली, "मग गुरुवारच्या बदल्यात रविवार करायचा." झालं. माझे सगळे रविवार दवाखान्यात गेले आणि चर्चमधल्या बायका एकमेकींना विचारत राहिल्या, हिचा प्रभूवर विश्वास तरी आहे की नाही.

आणि आता माझ्याच घरातून गुरुवार, नऊ, दुसरा मजला.

तशी शंका मला आधीपासून होती. सुनेच्या पोटातल्या बाळाचा पाचव्या महिन्याचा स्कॅन झाला आणि घराची हवाच बदलली. "सगळं ठीक आहे," एवढंच दोघांनी सांगितलं. फाइल एरवी फ्रिजवर पडलेली असायची, ती गायब झाली. मी विणायला बसले की सून उठून दुसऱ्या खोलीत जायची. मुलगा ताटाकडे बघून जेवायचा. दाराआड कुजबुज चालायची आणि मी आत गेले की दोघांना एकदम उकाड्याची आठवण व्हायची. त्यातच मुलाच्या बढतीचं आणि बदलीचं चाललं होतं. पोर अडचणीचं झालं असणार, असं मी मनात पक्कं केलं.

बुधवारी खडा टाकून पाहिला.

"उद्या सकाळी बाजारात येशील माझ्याबरोबर?"

"उद्या नाही जमणार, आई. मैत्रिणीकडे जायचंय."

"सकाळी सकाळीच?"

"हो." कोरडं झालेलं भांडं ती पुसतच राहिली.

"आणि हा?"

"त्यांनाही तिकडेच काम आहे."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस असंच बोलतं.

गुरुवारी मी त्यांच्या आधीची बस पकडली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर जाऊन बसले. काय बोलायचं ते ठरलं होतं: पोर मला द्या, मी वाढवते, तुम्ही खुशाल जा बदलीच्या गावी. जिना चढून दोघं आली. मला बघून मुलगा पायरीवरच थबकला.

"आई, तू इथे काय करतेस?"

"तेच तुम्हाला विचारायला आलेय. माझ्या नातवंडाला परस्पर संपवायला निघालात?"

सुनेनं नुसतं समोरच्या दाराकडे बोट केलं. ती पाटी मी वाचलीच नव्हती. नवजात बाळांचे डॉक्टर, असं लिहिलं होतं. मी निवृत्त झाल्यावर तीन वर्षांत तिथला विभागच हलला होता, आणि मी जुन्या पत्त्यावर चोर पकडायला आले होते.

मग तिनं पिशवीतून फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. बाळाच्या डोक्याची कवटी वरच्या बाजूला तयारच झाली नव्हती. त्यापुढचं मला वाचावं लागलं नाही. अशी बाळं मी पाहिली आहेत. जिवंत जन्मली, तर फार फार तर काही तास.

"स्कॅनवाले डॉक्टर म्हणाले, काढून टाका," मुलगा म्हणाला. "मलाही तेच वाटतं. अजून चार महिने हिनं हे कशासाठी सोसायचं? सांगून सांगून दमलो. तू नर्स आहेस, आई. तू सांग हिला."

"म्हणूनच तुमच्यापासून लपवलं," सून मला म्हणाली. "तुम्ही नर्स म्हणून बोलला असतात तर माझा धीर सुटला असता. मला त्याला जन्म द्यायचाय. त्याला दुखू नये म्हणून काय करता येईल, ते विचारायला आलोय."

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, कशाला गं पोरी. चार महिने जिवाला घोर, भेटेल त्याचे प्रश्न, आणि शेवटी रिकामी कूस. दुसऱ्यांच्या बाळांसाठी मी इतके रविवार घातले, आणि स्वतःच्या घरावर आल्यावर माझी जीभ मुलाच्या बाजूनं वळायला लागली होती. मी एक शब्द बोलले असते तर तिनं ऐकलं असतं. तिच्या तोंडावर ते दिसत होतं. मला माझीच भयंकर शरम वाटली.

"हलतंय का गं?" मी विचारलं.

"सकाळपासून. स्वस्थ म्हणून बसत नाही."

"मग चल आत. त्यांना काय काय विचारायचं ते मला ठाऊक आहे."

"आई, ते जगणार नाहीये," मुलगा म्हणाला.

"आत्ता जगतंय ना? पुढचं आपल्या हातात नाही, रे."

तो आत आला नाही. पुढचे चार महिनेही तसाच राहिला. तिला दवाखान्यात न्यायचा, आणायचा, औषधं वेळेवर द्यायचा, पण तिच्या पोटाला हात लावायचा नाही. मी त्याला कधी बोलले नाही. त्याचंही दुःखच होतं ते.

एका मंगळवारी दुपारी बाळ झालं. मुलगा. डोक्यावर टोपी ओढली आणि खाली चेहरा अगदी धड होता, हनुवटी आमच्या घरची. फादर दाराशी थांबलेच होते. पाणी शिंपडून त्यांनी बाप्तिस्मा दिला, बाळाला नाव मिळालं. सुनेनं त्याला छातीशी धरलं, मी त्याचं पाऊल तळहातात घेऊन बसले. थोड्या वेळानं तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो आधी मागे सरला, मग त्यानं हात पुढे केले. घेतल्यावर मात्र खाली ठेवलं नाही. त्याच्याच हातांत बाळाचा श्वास थांबला.

मृत्यूच्या नोंदीसाठी मी आणि मुलगा तळमजल्यावरच्या खिडकीशी गेलो. कारकून भला माणूस होता, हलक्या आवाजात विचारत होता. आईचं नाव, वडिलांचं नाव. बाळालाही नाव आहे म्हटल्यावर त्यानं एकदा वर पाहिलं आणि लिहिलं.

"आता वय. वर्षं, महिने, दिवस असे रकाने आहेत. शून्य टाकतो."

"शून्य नको," मुलगा म्हणाला.

"साहेब, मिनिटांना रकाना नाहीये."

मुलानं फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला. शेजारच्या कोऱ्या जागेत, सावकाश, अक्षर नीट काढत लिहिलं: बावन्न मिनिटं. मग खाली वडिलांच्या जागी सही केली आणि कागद परत दिला.